उसन्या बादल्या

दुपारी साडेतीनला पेपर ओला लागला. पेपर म्हणजे रद्दीतला, फिश टँकच्या स्टँडखाली सरकवून ठेवलेला. मी बोटं हुंगली. वास पाण्याचाच, पण नळाच्या पाण्याचा नव्हे. कुंडीखालच्या बशीत चार दिवस साचलेल्या पाण्याला येतो तसा. तरी पुढचे दोन दिवस हे पाणी टँकचं आहे असं मी मानलंच नाही. मावशींनी फरशी पुसताना फडकं नीट पिळलं नसेल. खिडकीतून पावसाची झड आली असेल. महिना मे होता.

आपल्याकडे या प्रकाराला शब्द किती. छप्पर गळतं, नळ ठिबकतो, भिंतीत पाणी झिरपतं, माठ पाझरतो. त्यातल्या त्यात माठाचं नशीब बरं, तो पाझरला की कौतुक होतं. टँक नक्की काय करत होता ते मला ठरवता येईना. मागच्या कोपऱ्यात, दोन काचा तळाला मिळतात तिथे, एक थेंब येऊन उभा राहायचा. मी बघत असेपर्यंत पडायचा नाही. पाठ वळली की खालच्या थर्माकोलवर उतरायचा. काचेच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ धरली होती, म्हणजे प्रकरण आजचं नव्हतं. रोज तिथली धूळ पुसते असं मी सगळ्यांना सांगते, तेही त्या रेघेने उघडं पाडलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने हिशेब मांडला. दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे दोन घनफूट, म्हणजे साधारण ५६ लिटर, म्हणजे ५६ किलो, शिवाय दगड आणि काच. "हे एकदम सुटलं तर खालच्यांच्या पीओपीत जाईल." माशांचं काय होईल हा मुद्दा त्याच्या हिशेबात नव्हता. आमच्या बाथरूमची गळती सोसायटीच्या तीन वार्षिक सभांत गाजलेली आहे. चौथी त्याला नको होती.

मासे लेकाचे. लेक पुण्याला हॉस्टेलवर, मासे ठाण्याला आमच्याकडे. सात वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत हवा भरून, फुग्यासारखी मांडीवर धरून लोकलने आणलेले. तेव्हाच्यांपैकी दोन गोल्डफिश आणि एक सकर उरलेत, दोन काळे मॉली नंतरचे. या पाच जणांची सोय करायची तर बादल्या हव्यात, आणि घरात दोनच. एक आंघोळीची, एक कपड्यांची. कपड्यांच्या बादलीत जन्मभराचा साबण मुरलेला, ती बाद. माशांना साबणाचा अंशही सोसत नाही.

समोरच्या काकूंकडे गेले.

"कशाला गं?"

"मासे ठेवायला."

काकूंच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही. त्या बादलीच्या कडीवरचा हात सोडेनात. "कसले मासे?"

"शोभेचे."

"शोभेचे होय. मग ने."

दुसरी बादली वरच्या मजल्यावरून आली, काही न विचारता.

मग नळी. तोंडाने ओढायची आणि पाणी ओठांशी यायच्या आत खाली सोडायची. लहानपणी आमच्याकडे रॉकेल असंच डब्यातून काढत, आणि एकदा काकाच्या तोंडात गेलं होतं. तो दिवसभर चूल पेटवायला बसला नाही. बादल्यांत टँकचंच जुनं पाणी घेतलं, मासे बिचकू नयेत म्हणून. फिल्टरचा स्पंज इतका काळाकुट्ट होता की मी तो नळाखाली धरणारच होते. दुकानातला मुलगा फोनवर ओरडला, "धुऊ नका काकू! त्यातच सगळं आहे." सगळं म्हणजे जिवाणू. माशांच्या घाणीतून जो अमोनिया सुटतो, तो ते पचवतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लागलं की मरतात, आणि मग टँक पुन्हा बसायला महिना जातो. हे मला एका शब्दात कळलं असतं: विरजण. स्पंज मी जुन्याच पाण्यात बुडवून ठेवला आणि वर हवेची नळी सोडली. बादल्यांवर पिठाची चाळण आणि पोळ्यांवरचं जाळीचं झाकण पालथं घातलं, कारण मॉली उडी मारतो. ती चाळण आता माळ्यावर गेली आहे. कितीही घासली तरी पीठ चाळायला हात होत नाही. त्याला माझा इलाज नाही.

रात्री झाकण उचलून बघितलं आणि जरा गडबडलेच. हे मासे माझ्या ओळखीचे नव्हते.

सात वर्षं मी त्यांना बाजूने बघत आले. बाजूने मोठी गोल्डफिश सदा काहीतरी विसरल्यासारखी दिसते. वरून ती भलतीच निघाली. उकडीच्या मोदकासारखं पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं, पाठ गडद तांबूस, आणि शेपूट मागे नऊवारीच्या सोग्यासारखं उलगडत जाणारं. चीनमध्ये शेकडो वर्षं गोल्डफिश पाळले ते मातीच्या कुंडांत आणि तळ्यांत, म्हणजे वरूनच बघायला. जपानमध्ये रांचू नावाच्या जातीची पारख आजही वरून बघून करतात. काचेच्या पेट्यांचं वेड त्या मानाने फार अलीकडचं. लंडनच्या प्राणिबागेने माशांचं घर उघडलं ते १८५३ साली. म्हणजे बादलीत मी मासा नीट बघत होते आणि टँकमध्ये वाकडा, असंही म्हणता येईल.

माझे पहिले मासे वरूनचेच. आजोळी वाईला, वाड्याच्या मागे आड होता. एकदा मलेरियाचा माणूस खांद्याला पिशवी आणि हातात डबा घेऊन आला. त्याने डब्यातलं पाणी आडात ओतलं आणि गेरूने भिंतीवर तारीख लिहून गेला. पाण्यात गप्पी मासे होते, डासांच्या अळ्या खायला. आम्हाला वाटलं, ते सतत तोंडं हलवतात, गप्पा मारतात, म्हणून गप्पी. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांवरून ते नाव आलं, हे फार पुढे कळलं. मला अजून आमचंच बरोबर वाटतं. दुपारी सगळे झोपले की आम्ही काठावर पोट टेकून आत बघायचो. काळं पाणी, त्यात आपलं डोकं, आणि डोक्यातून इकडेतिकडे पळणाऱ्या बारीक रेघा. आजीला झोपेतही ऐकू यायचं. "पोटावर पालथं कोण आहे रे तिथं?" ती नाव कधीच घ्यायची नाही, त्यामुळे सगळेच उठायचे.

माशाला चेहरा असतो हे मला सातवीच्या सहलीत कळलं, मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात. अंधारी वाट, उजेडाच्या खिडक्या, आणि एका खिडकीत माझ्याच उंचीवर एक मोठा मासा. तो माझ्याकडे बघत होता. बाई पुढे चला म्हणाल्या तरी मी हलले नाही. आडातले मासे कधी आपल्याकडे बघतात असं वाटलंच नव्हतं.

टँकचं फार सांगण्यासारखं नाही. जुनं सिलिकॉन ब्लेडने पार खरवडावं लागतं, कारण नवं जुन्याला धरत नाही. ते वाळेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास, चायनीजच्या गाडीशेजारी राहिल्यासारखा. दोन दिवस वाळवलं, मग एक दिवस नुसतं पाणी भरून, खाली कोरा पेपर घालून बघितलं. पेपर कोरडा.

या सगळ्यात सकरने चांगलाच वैताग दिला. "शेवाळं खातो" म्हणून दुकानदार हा गळ्यात मारतात, आणि तो वीतभर होऊन टँकमध्ये मावेनासा होतो. वॉचमन म्हणाला, तलावपाळीला सोडून द्या. असं सोडून सोडूनच हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी उजनीपर्यंत पोचला आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. नको.

काकूंची बादली तीनदा धुतली, उन्हात वाळवली. मग अडचण आली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटी असली तर निदान चमचाभर साखर. वीस लिटरच्या बादलीत काय घालायचं? शेवटी चार हापूस ठेवले. ते तळाशी फारच केविलवाणे दिसत होते. काकू बराच वेळ वरून आत बघत राहिल्या.

"मला वाटलं, एखादा मासा देतेस की काय."

त्या हे हायसं वाटून म्हणाल्या की खट्टू होऊन, ते कळलं नाही.

वरच्यांची बादली अजून आमच्याकडेच आहे. सकर तिच्या तळाला तोंड लावून बसलाय. जाळी घातली की काटे उभे करतो, ते जाळीत अडकतात, आणि मग ओढायचा धीर होत नाही. बादली त्यांनी मागितलेली नाही. लेक रविवारी येतोय, तो बघेल.