कोयना भरली म्हणून चिपळूण बुडत नाही

पावसाळ्यात चिपळूणच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘कोयनेचे दरवाजे उघडले, वाशिष्ठीकाठच्यांनी सावध राहा.’ सावध जरूर राहावं, पण त्या दरवाज्यांतलं पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत येतच नाही. कोयना धरणाचे सहाही वक्र दरवाजे कोयनेच्या पात्रात उघडतात. ते पाणी पाटणवरून कऱ्हाडला कृष्णेत जातं. काळजी सांगलीकरांनी करायची.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. धरण या वळणाच्या अलीकडे आहे. मागे शिवसागर जलाशय पार तापोळ्यापर्यंत लांबलचक पसरलाय. त्याच्या पश्चिमेचा डोंगर ओलांडला की सरळ कोकणची उतरण. म्हणून नवजाकडून बोगद्याने पाणी घेऊन पावणेपाचशे मीटर खाली पोफळीकडच्या वीजगृहांत सोडतात. ते कोळकेवाडी धरणात साठतं, तिथे पुन्हा वीज होते आणि मग वाशिष्ठीत येतं. आपलं ‘अवजल’ ते हेच.

बातमीतले आकडे वाचताना गल्लत होते. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला तळाचा पाच टीएमसीहून थोडा जास्त साठा मृत, म्हणजे उपयुक्त पाणी साधारण १००. एक बातमी एकूण साठा देते, दुसरी उपयुक्त. एकाच दिवशी पाचाचा फरक दिसला तर धरण गळत नाहीये. आवक क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) असेल तर ११,५७४ ने भागा. तेवढ्या क्युसेकने चोवीस तास पाणी आलं की एक टीएमसी होतो. पातळी फुटांत असेल तर जपून: जलाशय वर रुंद, खाली अरुंद. काठोकाठ भरताना एका फुटाला टीएमसीहून जास्त पाणी लागतं, तळाकडे बरंच कमी.

पश्चिमेला किती सोडायचं, हे धरण किती भरलंय यावर ठरत नाही. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि हिशोबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. सरासरी काढली तर दिवसाला ०.१८ टीएमसी. प्रत्यक्षात निर्मिती विजेच्या मागणीप्रमाणे चालते, त्यामुळे वाशिष्ठीही त्याच तालावर चढते-उतरते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत धरणात पाणी दिसत असूनही कोटा संपत आला की निर्मिती कमी होते, अवजल आटतं आणि खेर्डी-गोवळकोटच्या जॅकवेल (नदीतलं पाणी उपसण्याच्या विहिरी) उघड्या पडायला लागतात. १९९९ आणि २०१२ च्या लेक टॅपिंगमुळे (जलाशयाला खालून बोगद्याने छेद देणं) जलाशयातलं आणखी खालचं पाणी वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला मिळू लागलं, पण कोटा तेवढाच राहिला.

मग पुरासाठी बघायचं काय? शिरगाव-पोफळी पट्ट्यातला पाऊस आधी. कोयना-नवजाचा पाऊस धरणात जातो, पण कुंभार्ली घाटाच्या अलीकडे, कोकणच्या बाजूला पडलेला थेट वाशिष्ठीत उतरतो. दुसरं, कोळकेवाडीचा विसर्ग. त्या धरणाला स्वतःचंही पाणलोट आहे, तेव्हा वरची निर्मिती बंद असली तरी ते भरू शकतं. तिसरं दाभोळ खाडीची भरती, कारण उधाणाच्या वेळी नदीला खाली वाट मिळत नाही आणि वाशिष्ठी तुंबली की शहरातल्या शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कुंभार्लीखाली रात्रभर धो धो कोसळला, तर शिवसागर अर्धा रिकामा असला तरी दुकानातला माल वरच्या मजल्यावर चढवावा.