लाल दोरा

आज सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पाळी सुरू व्हायच्या आधी अण्णांनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांना बोलावलं. "काम करताना काय अडतं ते सांगा," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. पाचेक मिनिटं कुणीच तोंड उघडलं नाही. मग शिलाईतल्या मावशी म्हणाल्या, "अण्णा, मागावर धागा तुटला की तिथंच लाल दोरा बांधा की. आम्हाला अख्खा टॉवेल चाचपत बसावं लागतंय."

मी सुपरवायझर. रोज त्यांच्या समोरून जातो. एकदाही विचारलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

अण्णांनी लगेच दोन मागांवर करून बघायला सांगितलं. एक विणकर घाबरत म्हणाला, "दोष दाखवला तर पैसे कापणार ना?" "कुणाचाही एक रुपया कापायचा नाही," अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या मते खरं काम या वाक्यानं केलं. चूक दाखवणाऱ्यालाच दंड असेल तर नवीन कल्पना कोण बोलून दाखवेल?

टोयोटा या जपानी मोटार कंपनीचं मूळही मागातच आहे. कंपनीच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा यांचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढं त्याच विचारातून टोयोटाच्या मोटार कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून काम थांबवायचा अधिकार मिळाला. आपलं सोलापूर तर मागांचंच गाव!

संध्याकाळपर्यंत मावशींकडे सहा लाल दोरे आले. उद्या त्या स्वतः मागावर जाऊन विणकरांशी बोलणार आहेत.