प्रीसीझन संपला, आता यादी

शनिवार, 23 ऑगस्ट 2025, रात्र

संपला एकदाचा डेट्रॉईट लायन्सचा प्रीसीझन, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (NFL) खऱ्या सीझनआधीच्या सरावाच्या मॅच. आज टेक्सन्सनी 26-7 असं धुतलं, तेही आपल्याच फोर्ड फील्डवर, गेल्या शनिवारी तिथेच डॉल्फिन्सनी 24-17, आणि त्याआधी 31 जुलैला कॅन्टनला हॉल ऑफ फेमच्या मॅचमध्ये चार्जर्सनी 34-7. म्हणजे तीन हरलो आणि अटलांटाची जी जिंकत होतो ती पूर्णच झाली नाही. आमच्या ग्रुपवर संध्याकाळपासून सुतक लागल्यासारखं आहे. एकाने तर लिहिलं की गेल्या सीझनला 15-2 (15 जिंकल्या, 2 हरल्या) होती ही टीम आणि काही महिन्यात वाट लावली. अरे बाबा, पण मैदानात होतं कोण ते बघितलंस का? चार्जर्सच्या मॅचला आपले मेन प्लेअर्स बाकावर टोप्या घालून हसत होते, पहिल्याच किकऑफला चेंडू हातातून सुटला आणि मग त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य प्लेअर) ट्रे लान्स, ज्याला फॉर्टीनायनर्सनी तीन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे प्लेअर निवडताना, पहिल्या फेरीत निवडायचा हक्क) देऊन घेतलं आणि मग सोडून दिलं, तो आपल्यावर टचडाऊन टाकत होता. ह्यावरून डिसेंबरचं भविष्य सांगायचं?

मी 2007 ला लग्न करून मिशिगनला आले आणि 2008 चं वर्ष मी इथे पूर्ण बघितलंय. प्रीसीझनच्या चारच्या चार मॅच जिंकले होते लायन्स. ऑफिसात लोक निळे जर्सी घालून यायला लागले होते. मग खरा सीझन सुरू झाला आणि 0-16. सोळापैकी एकही नाही. मिनेसोटात तर आपला क्वार्टरबॅक मागे पळता पळता एंडझोनच्या, म्हणजे मैदानाच्या आपल्याच टोकाच्या पट्ट्याच्या, बाहेरच गेला, त्याचे दोन पॉईंट त्यांना मिळाले आणि ती मॅच गेली 12-10 ने, म्हणजे बरोब्बर दोन पॉईंटनी. त्या वर्षी गाड्यांच्या धंद्यात रोज कोणाला ना कोणाला खोकं भरून घरी पाठवत होते, आमच्याही मजल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि सोमवारी सकाळी लायन्सवर हसणं हीच काय ती करमणूक. गंमत म्हणजे आत्ताचा कोच डॅन कॅम्पबेल त्या टीममध्ये प्लेअर होता, टाइट एंडच्या जागी. त्या माणसाला प्रीसीझनचा स्कोर दाखवून घाबरवायचा प्रयत्न करा.

आणि हे फक्त आपलंच नाही. 2017 ला क्लीव्हलंडनेही प्रीसीझनच्या चारही जिंकल्या आणि पुढे 0-16. सोळा मॅचच्या सीझनमध्ये सगळ्या हरलेल्या टीम दोनच, आणि दोन्ही प्रीसीझनला अजिंक्य! उलट 2005 ला कोल्ट्स पाचही प्रीसीझन हरले आणि मग 14-2. हे मी ग्रुपवर टाकलं तर एकाचा लगेच मेसेज, म्हणजे हरणं चांगलं असतं का? नाही रे. स्कोर बघू नकोस एवढंच म्हणणं आहे.

बघायचं ते वेगळंच असतं. मी ह्या महिन्यात दोनच गोष्टी बघत होते, बाकी सगळं नवऱ्याला सोडलं होतं.

पहिली गोष्ट लाईनचा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या पाच जणांचा, मधला भाग: सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड. सेंटर फ्रँक रॅग्नो जूनमध्ये रिटायर झाला, 29 वर्षांचा, पायाच्या अंगठ्याचं दुखणं कित्येक सीझन अंगावर काढून खेळलेला माणूस, त्याला काय म्हणणार, जा बाबा सुखाने. राईट गार्ड झाइटलर टेनेसीला गेला. म्हणजे आता ग्लास्गो लेफ्ट गार्डवरून सेंटरला, त्याच्या जागी महोगनी, आणि उजवीकडे जॉर्जियाहून आलेला रूकी (पहिल्याच वर्षाचा) टेट रॅटलेज, तो मागे लांब केस ठेवलेला. तीनच्या तीन जागा हलल्या. टीव्हीवर सगळे चेंडू घेऊन पळणाऱ्या गिब्सच्या आणि पास झेलणाऱ्या सेंट ब्राऊनच्या गोष्टी करतात, पण आपला गॉफ हा काही पळणारा क्वार्टरबॅक नाही, तो उभा राहून फेकतो, आणि बाजूने कोणी आला तर तो एक पाऊल पुढे सरकून निभावतो, पण समोरूनच भिंत कोसळली तर पुढे सरकणार कुठे? गेल्या वर्षीचे 564 पॉईंट, टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त, ते ह्या मधल्या तिघांच्या जिवावर होते असं माझं ठाम मत आहे. शिवाय ते प्ले आखणारा बेन जॉन्सन आता शिकागोचा हेडकोच, आणि डिफेन्सवाला एरन ग्लेन जेट्सला. पोरं तीच आहेत म्हणावं तर त्यांना सांगणारी माणसं बदलली.

दुसरी गोष्ट बॅकअप क्वार्टरबॅक, गॉफला काही झालं तर उतरणारा. हेंडन हूकर की काइल अॅलन. ह्यावर घरात महिनाभर वाद चालू आहे. पोरगा हूकरच्या बाजूने, कारण हात जोरदार आहे आणि थर्ड राउंडचा पिक आहे. मला तो बघून अस्वस्थ व्हायला होतं. चेंडू हातात घेऊन उभाच, उभाच, कोणाला द्यायचा ते ठरत नाही, तेवढ्यात अंगावर माणूस येतो. अॅलनने चार्जर्सविरुद्ध चेंडू समोरच्याच्या हातात दिले हे खरं, पण निदान फेकतो तरी वेळेवर. आणि जानेवारीत वॉशिंग्टनविरुद्ध गॉफला दणका बसला आणि डोकं तपासायला आत नेलं तेव्हा मैदानात आला ब्रिजवॉटर, ज्याला डिसेंबरच्या शेवटी बोलावून आणला होता. हूकर सीझनभर तिथेच होता की. कोचने तेव्हाच सांगून टाकलं होतं, पोराला ऐकायचं नाहीये.

आनंदाची बातमी एकच, रूकी रिसीव्हर (पास झेलणारा) आयझॅक टेस्ला. हडसनव्हिलचा, म्हणजे आपल्या ग्रँड रॅपिड्सच्या बाजूचा, लहानपणापासून लायन्सचा फॅन, हिल्सडेलसारख्या छोट्या कॉलेजातून आर्कान्सॉला गेला. एप्रिलमध्ये त्याला घ्यायला ड्राफ्टच्या क्रमात वर चढले आणि पुढच्या वर्षीचे दोन थर्ड राउंड पिक देऊन बसले तेव्हा मी डोक्याला हात लावला होता. आता ह्या महिनाभरात तो ज्या प्रकारे उंचावरून चेंडू काढतोय ते बघून वाटतं की पोरगं उपयोगी पडणार.

अटलांटाच्या मॅचबद्दल तेव्हा लिहिलंच नव्हतं, हातच चालला नाही. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आपला मोरिस नॉरिस टॅकल करायला गेला आणि डोकं मागे जाऊन तिथेच पडला. अॅम्ब्युलन्स मैदानात, दोन्ही टीमची पोरं गुडघ्यावर. नंतर अटलांटाने एकदा चेंडू स्नॅप केला, म्हणजे मागे देऊन खेळ सुरू केला, आणि सगळे नुसते उभे राहिले, घड्याळ पळू दिलं, 6 मिनिटं 19 सेकंद उरलेले असताना मॅच थांबवून टाकली. आम्ही 17-10 पुढे होतो. तो शुद्धीवर होता आणि दुसऱ्या दिवशी डेट्रॉईटला परत पण आला, देवाची कृपा. पण तो ड्राफ्ट न झालेला पोरगा आहे, जागा मिळवायलाच तो तसा झेपावला असणार. मेन प्लेअर ऑगस्टमध्ये तशी उडी घेतच नाही.

मंगळवार, 26 ऑगस्ट

आज हरताळका आणि आजच कट डे. दुपारी चारच्या आत 90 प्लेअर्सची यादी 53 वर आणायची होती सगळ्या टीमना. उद्या गणपती म्हणून रजा टाकली होती पण आज नाही, त्यामुळे पोटात काही नाही, समोर मीटिंग, आणि मीटिंगच्या खाली फोन.

हूकरला सोडलं. अॅलन राहिला. पोरगा शाळेतून आला तो बॅग फेकूनच. मी काही बोलले नाही, शहाळ्याचं पाणी प्यायले. पण खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. कॉलेजात टेनेसीकडून खेळताना काय उंची गाठली होती त्याने, मग गुडघा गेला, तरी डेट्रॉईटने घेतला, अख्खं पहिलं वर्ष नुसतं बरं होण्यात गेलं, आणि आता 27 व्या वर्षी हातात काही नाही. माझं मत बदललेलं नाही, पण मत बरोबर निघाल्याचा आनंद असा काही झाला नाही.

डॉल्फिन्सच्या मॅचला आम्ही गेलो होतो, ऑफिसातल्या एकाने तिकिटं स्वस्तात काढून टाकली होती. सीझन तिकीटवाल्यांना प्रीसीझनचंही तिकीट घ्यावंच लागतं, मग ते आमच्यासारख्यांच्या गळ्यात मारतात, आम्हालाही चालतं. हाफटाइमनंतर स्टेडियम रिकामं व्हायला लागलं, कोण खेळतंय ते कळायला प्रत्येक वेळी फोनवर नंबर शोधायचा, आणि पोराला भूक लागलेली. पण आमच्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं, आई, बाप, आजी, दोन बहिणी, सगळ्यांच्या अंगात एकाच नंबरचे घरी छापलेले टीशर्ट. तो नंबर मी ऐकलेला नव्हता. अख्खा ऑफेन्स चालू असताना ती माणसं नाचोज खात गप्पा मारत बसायची, आणि पंट किंवा किकऑफ (लाथ मारून चेंडू समोरच्या टीमकडे देतात ते) आला की पाचही जणं एकदम उभी. आजीसुद्धा, रेलिंगला धरून. पोरगा पळत जायचा, कोणाला तरी आडवं करायचा किंवा स्वतःच आडवा व्हायचा, आणि ही मंडळी परत खाली बसायची. चेंडूकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी शेवटी त्याला डिफेन्समध्येही चार-सहा प्ले मिळाले तेव्हा बापाने टोपी काढून डोळ्यावर धरली, बघवत नव्हतं बहुतेक.

मी आज हूकरच्या आधी त्याचं नाव शोधलं. वेव्ह केलेल्यांमध्ये (सोडून दिलेल्यांमध्ये) होतं. नाव इथे लिहीत नाही.

वेव्ह केलं म्हणजे लगेच सगळं संपलं असं नसतं हे नवऱ्याला समजावून सांगितलं, तो अजून क्रिकेटवाला आहे, त्याला वाटतं संघ निवडला की निवडला. कमी वर्षं झालेल्या प्लेअरला आधी बाकीच्या टीम उचलू शकतात, उद्या दुपारी बारापर्यंत वेळ असतो. कोणी नाही उचललं तर परत आपलीच टीम प्रॅक्टिस स्क्वॉडला (सरावापुरत्या ठेवलेल्या राखीव प्लेअर्समध्ये) घेऊ शकते. पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रोस्टरवर (53 च्या यादीत) असलेल्या रूकीला यंदा कमीत कमी 8,40,000 डॉलर, आणि प्रॅक्टिस स्क्वॉडच्या नवख्याला आठवड्याला 13,000, तेही जितके आठवडे ठेवतील तितकेच. नवरा म्हणाला आठवड्याला 13,000 म्हणजे वाईट आहे का? त्याला म्हटलं, ती उडी तू मारून दाखव.

बाकी 53 बद्दल मला फार तक्रार नाही. रिसीव्हर ठीक, सेकंडरी (डिफेन्सची मागची फळी) चांगली आहे, डिफेन्सचा हचिन्सन परत आलाय. मागच्या ऑक्टोबरात डॅलसला त्याचा पाय मोडला तेव्हापासून आपला डिफेन्स एका पायावरच चालत होता. डिफेन्सिव्ह टॅकलला (डिफेन्सच्या पुढच्या फळीच्या मधोमध) मात्र माणसं कमी आहेत, मॅकनील अजून गुडघ्यातून सावरतोय, ओन्वुझुरिके अख्खा सीझन बाहेर, म्हणजे सगळा भार रीडर आणि रूकी टायलिक विल्यम्सवर. आणि लाईनला मधल्या तिघांपैकी एकाला जरी काही झालं तर बाकावरून कोण उठणार ते मला ह्या चार मॅचमध्ये दिसलेलं नाही. प्रीसीझनमधून घ्यायची काळजी ही आहे, 26-7 नाही.

नारळ खवायचा राहिलाय. जाते.

गुरुवार, 28 ऑगस्ट

काल काहीच लिहायला झालं नाही. उकडीचे मोदक जमले, पाकळ्या जरा जाड झाल्या. आज दीड दिवसाचा म्हणून संध्याकाळी बॅकयार्डात टबमध्ये विसर्जन, मंडळातली दोन-तीन घरं आली होती.

आणि आरतीच्या थोडं आधी बातमी आली की डॅलसने समोरच्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्या मायका पार्सन्सला ग्रीन बेला देऊन टाकलं! दोन फर्स्ट राउंड पिक आणि केनी क्लार्क एवढ्यावर. वर ग्रीन बेने त्याला चार वर्षांचे 18 कोटी 80 लाख डॉलर दिले. पार्सन्स! आपल्याच डिव्हिजनमध्ये (गटात)! पुरुष मंडळी टाळ हातात घेऊन फोनमध्ये डोकी खुपसून उभी, सुखकर्ता दुखहर्ता आम्ही बायकांनीच म्हटली, आणि मी पण दुसऱ्या कडव्यानंतर मनाने तिथे नव्हतेच.

कारण आपली पहिलीच मॅच 7 सप्टेंबरला, ग्रीन बेला, त्यांच्या लॅम्बो स्टेडियमवर. मी महिनाभर मधल्या तिघांची काळजी करत बसलेय आणि त्यांची पहिली परीक्षा ही. पार्सन्स काही एकाच जागी उभा राहत नाही, कधी कडेला, कधी सरळ गार्डच्या समोर येऊन ठाकतो, रूकी दिसला की त्याच्याच समोर. एक काका म्हणाले, अहो पण तो नुकताच आलाय, पाठ दुखतेय त्याची, पहिल्या मॅचला कुठे खेळवतील. खेळवतील हो, थर्ड डाऊनला (तिसऱ्या प्रयत्नाला) आणून सोडायला कितीसा वेळ लागतो.

सीझनचा अंदाज घरात लिहून फ्रीजवर लावायची पद्धत आहे. पोराने 14-3 लिहिलंय, हूकर गेल्याचा राग धरूनसुद्धा. नवऱ्याने 12-5, तो दरवर्षी 12-5 च लिहितो. मी काल 11-6 लिहिलं होतं, आज रात्री खोडून 10-7 केलं आणि ग्रीन बेच्या पुढे पेनने हार लिहिली. प्लेऑफला जाऊ की नाही ते रॅटलेजला विचारा.