अर्धा इंच : आमची वाटचाल

मिशिगनमधल्या पाँटिॲकजवळ आमचं टायरचं दुकान आहे. दोन गाड्या आत उभ्या राहतील एवढी जागा, मी, बायको आणि दोन कामगार. हिशेब, पुरवठादारांचे फोन आणि गिऱ्हाइकांच्या तारखा बायको बघते. एप्रिल उजाडला, रस्त्यावरचं मीठ पावसाने धुऊन गेलं, की हिवाळाभर झाकून ठेवलेली जुनी मोटरहोम्स, म्हणजे चाकांवरची घरं, बाहेर निघतात आणि आमच्या दारात रांग लागते. त्यातली बहुतेक जनरल मोटर्सची जीएमसी मोटरहोम असतात. ती बनली याच पाँटिॲकमध्ये, 1973 ते 1978 च्या मॉडेलांत, जेमतेम तेरा हजार. आपल्या जन्मगावी ती चाकं बदलायला येतात याचं मला आजही अप्रूप वाटतं.

टायरचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. कोल्हापूरजवळ, पुणे-बेंगळुरू हायवेला आप्पांचं रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, दुकान होतं. ट्रकच्या चाकात हवा भरायची वेळ आली की आप्पा आम्हा पोरांना लांब पिटाळायचे. टायर ज्या लोखंडी चाकावर चढतो, त्या डिस्कला वेगळी लोखंडी रिंग असायची. ती खाचेत नीट बसली नसेल, तर हवेच्या जोराने उडून समोरच्याचा जीव घ्यायची. आप्पा रिंगवर आडवी पहार टाकत, साखळी गुंडाळत आणि बाजूला उभे राहून हवा भरत. "हवा दिसत नाही म्हणून तिला हलकी समजायचं नाही," एवढंच म्हणायचे.

मी मात्र इंजिनिअर झालो आणि 2004 साली इकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. जून 2009 मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी या भागात घरटी एकाची तरी नोकरी गेली असेल, माझीही गेली. ग्रीन कार्ड हातात आलं होतं, म्हणून निदान देश सोडावा लागला नाही. पुढच्या वर्षी बंद पडलेलं एक गॅरेज भाड्याने घेतलं, टायर चढवायचं जुनं मशीन आणि बॅलन्सिंगचं मशीन विकत घेतलं. आप्पांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "कॉम्प्रेसर किती मोठा घेतलास?"

पहिली तीन वर्षं साध्या मोटारींवर निघाली. नोव्हेंबरात बर्फाचे टायर चढवायचे, एप्रिलमध्ये उतरवायचे. पोट भरत होतं, पण असं दुकान इथे प्रत्येक चौकात आहे.

2013 च्या वसंतात एक निवृत्त जोडपं 26 फुटी जीएमसी घेऊन आलं. तोवर ती गाडी मी जवळून पाहिली नव्हती. साडेसात लिटरचं ओल्ड्समोबिल इंजिन, ओढ पुढच्या चाकांची, म्हणून मागे जाणारा शाफ्ट नाही आणि आडवा ॲक्सलही नाही. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये हवेचे फुगे. त्यामुळे घराची जमीन इतकी खाली, की म्हातारं माणूससुद्धा एका पायरीत आत जातं. काकूंनी आत बोलावून चहा दिला. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की टायरची नक्षी शाबूत आहे, फक्त हवा बघून द्या.

नक्षी खरोखरच नवी दिसत होती. पण टायरच्या बाजूवर डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) या अक्षरांपुढे जो आकडा असतो, त्याच्या शेवटी टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं. 2000 सालापासून ते चार आकडी आहे. या टायरवर तीनच आकडे होते, म्हणजे टायर आधीच्या शतकातले. मोटरहोमचं हेच दुखणं आहे : ते वर्षातले दहा महिने उभं असतं. नक्षी झिजत नाही, पण ऊन आणि ओझोन रबर खातात, बाजूला केसासारख्या भेगा पडतात, आतले थर सुटू लागतात. असा टायर हायवेवर फुटला तर सोबत चाकावरचा पत्रा आणि जवळपासच्या नळ्याही फाडून नेतो.

टायर बदलावेत म्हटलं, तर डिस्कचं माप साडेसोळा इंची. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतल्या हलक्या ट्रकना हे माप सर्रास असायचं. साध्या सोळा इंची डिस्कवर टायरची कड जिथे टेकते, तिथला उतार पाच अंशांचा असतो, साडेसोळावर पंधरा अंशांचा. शिवाय कड आत घसरू नये म्हणून आजच्या डिस्कला जो उंचवटा असतो, तो तिथे नसतो. म्हणून हवा कमी झाली की टायर डिस्क सोडतो. पुढे कारखान्यांनी हे माप सोडलं आणि टायर मिळेनासे झाले. लष्करी हमवीला साडेसोळाच लागतात, पण ते 37 इंच उंचीचे, इथे निरुपयोगी. तेव्हा खरा उपाय एकच : सहाच्या सहा डिस्क बदलून सोळावर यायचं आणि 225/75 आर 16 मापाचे, ट्रकचे टायर घालायचे. उंचीत फरक नगण्य पडतो, स्पीडोमीटरही बिघडत नाही.

त्या कामाला आम्हाला तीन आठवडे लागले. या गाडीच्या चाकाला साडेसहा इंचाच्या वर्तुळावर आठ बोल्ट असतात. तेच कित्येक अमेरिकन ट्रकना असतात, म्हणून लोक ट्रकची डिस्क उचलून आणतात आणि ती बसतेही. पण पुढून ओढणाऱ्या या गाडीच्या डिस्कचा पत्रा बाहेरच्या कडेकडे असतो. ट्रकची डिस्क लावली की चाक बाहेर येतं, सगळा भार बेअरिंगवर तिरका पडतो आणि टायर वळणावर घासतो. बसतं म्हणजे चालतं, असं नाही. मी पहिल्यांदा सरळ काकांना सांगितलं, की योग्य डिस्क येईपर्यंत गाडी इथेच राहू द्या. ते थांबले, आणि त्यांनीच पुढे आपल्या ओळखीतल्या मालकांना आमच्याकडे पाठवलं.

दुसऱ्या वर्षी जे घडलं, ते अजून झोपेत आठवतं. एका गिऱ्हाइकाने जुन्या बाजारातून सहा डिस्क आणल्या होत्या. सगळ्यांना सारखाच चंदेरी रंग मारलेला. पाच सोळाच्या होत्या, एक साडेसोळाची निघाली. आमच्या नव्या पोराने तिच्यावर सोळाचा टायर चढवला. तो चढतो, हीच फसगत आहे. हवा भरली तरी कड बसेना, म्हणून पोरगं दाब वाढवत होतं. मीटर 40 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) पुढे गेलेला मला दिसला आणि मी ओरडून नळी सोडायला लावली. अशा वेळी कडेतली तार तुटते, टायर स्फोट होऊन उडतो. या चुकीने माणसं मेली आहेत. म्हणून तर टायरच्या बाजूवर तसा इशारा छापलेला असतो. त्या दुपारी मी दुकान बंद केलं, पोराला घरी सोडलं आणि आप्पांना फोन लावला.

तेव्हापासून दारात आलेली प्रत्येक डिस्क आम्ही रंग खरवडून बघतो, कोरलेलं माप वाचतो, टेपने मोजतो आणि खडूने मोठ्या आकड्यात लिहितो. ज्याने मोजलं, त्याने हवा भरायची नाही, दुसऱ्याने पुन्हा मोजून मगच भरायची. हवा भरायला लोखंडी पिंजरा घेतला, आणि त्या वर्षी नफ्यातला मोठा वाटा त्यात गेला.

टायर चढवून काम संपत नाही. भार पेलण्याच्या क्षमतेनुसार ई वर्गात मोडणारा हा टायर 80 पीएसआयला 2,680 पौंड पेलतो. पण सरसकट 80 भरली तर गाडी आदळते, कमी भरली तर टायर तापतो. म्हणून पाणी, गॅस, कपडेलत्ते भरून गाडी आम्ही ट्रकच्या काट्यावर पाठवतो आणि पुढचा-मागचा भार बघून दाब ठरवतो. साध्या रबरी व्हॉल्व्हचा भरवसा 65 पर्यंतच, म्हणून आम्ही धातूचेच लावतो. काही गिऱ्हाइकं जास्तीच्या खर्चावरून नाराज होऊन निघून जातात. त्यांना जाऊ देतो.

आणि 50 मैलांनंतर प्रत्येकाने परत यायचं, ही अट पावतीवरच लिहिलेली आहे. नव्या डिस्कवर नट थोडे बसतात, ते पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे नट किती घट्ट आवळलाय ते दाखवणाऱ्या पान्याने, बघावे लागतात. गेल्या शनिवारी तेच काका-काकू आले होते, आता त्या गाडीवर आमच्याकडचा दुसरा सेट आहे. 48 नटांपैकी तीन पाव फेरा फिरले. काकूंनी पुन्हा चहा केला, आणि दोघं मॅकिनॉच्या पुलाकडे, उत्तरेला निघून गेले.