वालाच्या बिरड्यातून सुटलेला वनस्पतींचा धडा

पहिल्या घटक चाचणीत वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या प्रश्नाला माझ्या लेकीला 5 पैकी 1 गुण मिळाला. ती सातवीत आहे. वहीत त्या धड्याची सहा पानं भरून टिपणं होती. अक्षर मोत्यासारखं, मथळे लाल पेनाने अधोरेखित. मी विचारलं, "एकबीजपत्री वनस्पती म्हणजे काय गं?" तिने घडाघडा सांगितलं, "ज्यांच्या बियांमध्ये एकच बीजपत्र असते त्या." मग मी विचारलं, "आणि बीजपत्र म्हणजे?" ती गप्प झाली आणि तिचे डोळे भरून आले. सहा पानं लिहून काढली होती, पण त्यातलं एकही बी तिने हातात धरलं नव्हतं.

श्रावण नुकताच लागला होता. दुसऱ्या दिवशी सोमवार, उपास सोडायला वालाचं बिरडं करायचं म्हणून सासूबाईंनी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला घेतले होते. मी लेकीलाही त्यांच्या शेजारी बसवलं. चिमटीत दाबलं की सालातून वाल सुळकन बाहेर येतो. त्यातला एक मी तिच्या तळहातावर ठेवला आणि नखाने अलगद उघडायला सांगितलं. त्याच्या दोन पाकळ्या झाल्या आणि मध्ये, एका टोकाला, मोडाला चिकटलेली दोन इवलीशी दुमडलेली पानं दिसली. ती बराच वेळ बघत राहिली. "आजी, ही तर डाळ झाली!" सासूबाई म्हणाल्या, "मग? तूर भरडली की तूरडाळ, हरभरा भरडला की हरभराडाळ. म्हणून तर त्यांना द्विदल म्हणतात. तांदळाची कधी डाळ झालेली पाहिलीस का?"

त्या क्षणी तिला धड्याचं दार उघडलं. आपल्या भाषेत हा शब्द स्वयंपाकघरातच होता: एकदल, द्विदल. पुस्तकातला बीजपत्री त्याच्यामागे आपोआप आला. रोपाला पानं फुटून स्वतःचं खाणं तयार करता येईपर्यंत पुरेल अशी शिदोरी त्या दोन डाळींत बांधून दिलेली असते, हे मी सांगितलं. ते तिने लगेच लिहिलं, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दांत.

टिपणं काढायची पद्धत आम्ही त्या आठवड्यात बदलली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची एक पद्धत मला माहीत होती: पानाच्या डाव्या कडेला अरुंद पट्टी सोडायची, उजवीकडे टिपण, पट्टीत त्याच्यावरचा प्रश्न किंवा खुणेचा शब्द आणि तळाशी दोन ओळींत सार. नंतर उजवी बाजू झाकायची आणि नुसत्या पट्टीकडे बघून उत्तर मोठ्याने सांगायचं. लहान मुलांसाठी मी त्यात एकच भर घातली. समोरचं अख्खं पान चित्रासाठी कोरं ठेवायचं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेच तिथे काढायचं. पुस्तकातलं चित्र उतरवायचं नाही.

एका ओल्या फडक्यावर वाल आणि मका शेजारी शेजारी ठेवले. मक्याला वेळ लागला. वालाच्या दोन डाळी उघडल्या तेव्हा मक्यातून नुसती एक टोकदार सुरळी वर येत होती. दाणा काही केल्या दुभंगला नाही. ही दोन चित्रं तिने रोज थोडी थोडी वाढवत नेली. लावणीच्या वेळचं भाताचं एक उरलेलं रोप बांधावरून आणलं, त्याच्या मुळांचा झुपका धुतला. परसातला टाकळा उपटला, तो एका जाड सोटमुळासकट निघाला. सासूबाईंनी त्याची कोवळी पानं भाजीला खुडून घेतली आणि मूळ लेकीला दिलं. पानांवर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की शिरांचा ठसा उमटतो. जास्वंदीची जाळी, भाताच्या समांतर रेघा. जास्वंदीला पाच पाकळ्या, कुंडीतल्या पांढऱ्या पावसाळी लिलीला सहा, म्हणजे तीनच्या पटीत. वहीत चार रकाने तयार झाले: बी, मूळ, पान, फूल. टाकळा, जास्वंद द्विदलांत; भात, लिली एकदलांत.

आणि मग अळूने सगळं अडवलं.

अळूवड्यांसाठी आणलेल्या पानाचा ठसा तिने घेतला तर जाळी आली. "म्हणजे द्विदल," तिने लिहून टाकलं. पण कंदाला तर सोटमूळ नव्हतं, सगळीकडून बारीक मुळं फुटलेली. फूल आमच्या परसात कधी कुणी पाहिलेलं नाही, बी तर नाहीच. एक पुरावा इकडे, एक तिकडे. मला स्वतःला पक्कं सांगता येईना, म्हणून वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिने सांगितलं की अळू आणि सुरण एकाच कुळातले आणि ते कूळ एकदल वनस्पतींमधलं. जाळीदार पान असलेल्या काही एकदल वनस्पती आहेतच. पान ही पहिली खूण, शेवटची नव्हे. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दोन्ही खाजतात, ते बघ." कुळ ठरवायला तेवढं पुरत नाही, पण निरीक्षण खरं आहे. दोघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणूनच आपण भाजीत चिंच किंवा आमसूल घालतो.

लेकीने "द्विदल" पुसून टाकलं नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी "एकदल, कारण:" असं लिहिलं. ती खाडाखोड मला तिच्या मोत्यासारख्या सहा पानांपेक्षा जास्त आवडली. मैत्रिणीने अळूचं शास्त्रीय नावही दिलं, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. एस्क्युलेंटा म्हणजे खाण्याजोगं. वनस्पतींना अशी दोन शब्दांची नावं देण्याची रीत स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी 1753 साली पक्की केली, हे ऐकून लेक तासभर घरातल्या कुंड्यांची नावं शोधत बसली.

केळीचंही असंच झालं. पुस्तकात वृक्ष, झुडूप, रोपटं असे गट आहेत, आणि केळ उंच म्हणून तिने वृक्षात टाकली. सासूबाईंनी विचारलं, "केळीचं लाकूड कधी चुलीत घातलंय का?" मग मी घड काढून झालेली एक केळ कोयत्याने आडवी कापून दाखवली. खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांच्या देठांचे रुंद तळ, मध्ये लाकूड नाहीच. माडाला मात्र कठीण खोड, तरी तोही एकदलच. उंची आणि बी या दोन वेगळ्या वाटण्या आहेत, एकीवरून दुसरी ठरत नाही, हे तिला तिथे चिखलात उभं राहूनच कळलं.

उजळणी मी ठरवून विरळ ठेवली. दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, मग गणपती झाल्यावर. प्रत्येक वेळी दहाच मिनिटं, उजवी बाजू झाकून. जे आठवलं नाही त्याच्यासमोर ठिपका. ठिपके कमी होत गेले. नेच्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांना तिने एकदा "किडे" म्हटलं होतं. आता तिथे "बीजाणू, फूल नाही, बी नाही" असं लिहिलंय, आणि समोर विहिरीच्या कठड्यावरून आणलेल्या नेच्याचं चित्र आहे.

सहामाहीत त्या धड्यावर मक्याच्या बीचं चित्र काढायला आलं होतं. तिने ते काढलंच, आणि शेजारी सुरळीसुद्धा. घरी येऊन आधी वही उघडली. शेवटच्या पानावर "बघायचं राहिलंय" अशी यादी आहे. काल त्यात सुरणाचं फूल वाढलं आहे.