ताणलेली तार आणि कोरी नळी

कणत्वरकाच्या निर्वात नळीत बेलो (लवचीक जोड), झडप किंवा पिकअप (कणांचा झोत टिपणारा संवेदक) बसवला, की नळीचा आतला आकार बदलतो, तिथून जाणारा कणांचा पुंजका मागे विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडतो आणि त्याचा उपद्रव मागच्या पुंजक्यांना होतो. कोणत्या वारंवारतेला हा उपद्रव किती, हे सांगणारी राशी म्हणजे बीम कपलिंग इम्पीडन्स. ही कल्पना १९६० च्या दशकात सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत व्हाकारो आणि सेसलर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली.

मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत बीम, म्हणजे कणांचा झोत, नाही, आणि या मोजमापाला तो लागतही नाही. नळीच्या मध्यातून बारीक तार ताणून तिच्यातून संकेत पाठवला, की तारेभोवतीचे क्षेत्र प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या बीमच्या क्षेत्रासारखेच असते. आमची तार लोहार चाळीतली. नळीचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि तारेचा ०.५ मिलिमीटर असल्याने या जोडीचा स्वतःचा (लाक्षणिक) इम्पीडन्स सुमारे ३१८ ओहम येतो, तर संकेत पाठवून मोजणारे उपकरण, नेटवर्क अॅनालायझर, ५० ओहमचे. म्हणून संकेत टोकांवरून परतू नये यासाठी दोन्ही टोकांना सुमारे २६८ ओहमचा रोध जोडावा लागतो, आणि गुंडाळीचा रोध उच्च वारंवारतेला निरुपयोगी असल्याने योग्य रोध शोधायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मला बराच वेळ काढावा लागला.

खरी परीक्षा कोऱ्या नळीची असते. आधी तितक्याच लांबीच्या साध्या नळीचे आणि मग तपासायच्या भागाचे पारगमन (पलीकडे किती संकेत पोहोचला ते) मोजतात, दोन्हींच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतात आणि त्याला तार-नळीच्या लाक्षणिक इम्पीडन्सच्या उणे दुपटीने गुणतात. या हिशेबात १ ओहम म्हणजे पारगमनात जेमतेम ०.०१४ डेसिबलचा फरक! पहिल्या खेपेला आमच्या बेलोच्या इम्पीडन्सचा वास्तव भाग चक्क ऋण आला, जणू तो निर्जीव भाग ऊर्जा पुरवत होता. शोध घेतल्यावर कळले, की दोन मोजणींच्या मध्ये कोणीतरी तारेचा डाख नव्याने दिला होता.

तारेची एक खोड मात्र सुटत नाही. आमच्या नळीत सुमारे २.३ गिगाहर्ट्झखालचे अनुनाद एरवी भागातच अडकून राहतात, पण तार त्यांच्या ऊर्जेला बाहेरची वाट देते, त्यामुळे त्यांची तीक्ष्णता कमी दिसते आणि वारंवारताही सरकते. अशा अनुनादांसाठी मी तार काढून टाकतो, लहान अँटेना वापरतो आणि धातूचा मणी आतून हळूहळू ओढत वारंवारता किती सरकते ते टिपतो. मणी ओवायला मासेमारीची तंगूस पुरते.