मधलं गाव उभं राहिलं तर आराखडा टिकतो

मे १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हा तिथे साधारण आठ लाख लोक होते, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या निम्मे. १९५१ संपेपर्यंत बाहेरून आणखी जवळपास सात लाख आले. एवढी माणसं कुठे बसवायची याचा आराखडा आर्ये शेरॉन या वास्तुरचनाकाराच्या हाताखाली तयार झाला आणि १९५१ मध्ये छापला गेला. त्या देशाचं क्षेत्रफळ आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांपेक्षा थोडं कमीच. म्हणून आपल्याकडे पुनर्वसन, नवी एमआयडीसी किंवा तालुक्याचं विभाजन यावर बोलणाऱ्यांनी तो बारकाईने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा बहुतेक ज्यू वस्ती तेल अवीव ते हैफा या किनारपट्टीत आणि जेरुसलेममध्ये दाटलेली होती. आराखड्याने २६.५ लाख लोकसंख्या गृहीत धरली आणि देशाचे २४ विभाग पाडले. प्रत्येक विभागात वस्तीच्या पाच पायऱ्या: सुमारे ५०० माणसांचं शेतकरी गाव, अशा काही गावांमध्ये २,००० वस्तीचं ग्रामीण केंद्र, त्यावर ६,००० ते १२,००० चं निमशहरी गाव, मग १५,००० ते ६०,००० चं मध्यम शहर आणि शेवटी लाखाच्या वरचं महानगर. या रचनेमागे वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये मांडलेला विचार होता. रोज लागणारी वस्तू जवळ हवी, महिन्यातून एकदा लागणारी थोडी लांब चालते, वर्षाकाठी लागणारी आणखी लांब. आपल्या आठवडे बाजाराच्या गावांची रांग बघितली की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी. नकाशावर मोकळी दिसणारी बरीच जमीन मोकळी नव्हती. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरांतून उखडले गेले आणि चारशेहून अधिक गावं ओस पडली. नव्या वस्त्यांपैकी अनेक त्याच शिवारांवर उभ्या राहिल्या. या आराखड्याची तांत्रिक बाजू शिकताना ही बाजू झाकून ठेवता येत नाही.

आराखड्यातला लोकसंख्येचा आकडा १९६६ च्या सुमारास गाठला गेला. वाटणी मात्र तशी झाली नाही. जुने रहिवासी किनाऱ्यावरच राहिले आणि लांबच्या गावांचा भार नव्याने आलेल्यांवर पडला. १९५४ पासून तर मोरोक्कोसारख्या देशांतून आलेल्या अनेक कुटुंबांना बोटीवरून उतरवून थेट गावात नेलं गेलं. घर सरकारचं, कामाची चिठ्ठी सरकारी रोजगार कचेरीची, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ज्यांना पुढे शक्य झालं त्यांनी किनाऱ्याची वाट धरली.

खरी मोडतोड झाली ती मधल्या पायरीवर. ओफाकिम, स्देरोत अशी गावं वसवताना हिशेब असा होता की भोवतालचे शेतकरी तिथे खरेदीला येतील, त्यावर दुकानं, दवाखाने, दुरुस्तीची कामं चालतील. पण भोवतालच्या सहकारी शेतवस्त्यांचा माल त्यांच्या देशव्यापी सहकारी संस्थांमार्फत सरळ मोठ्या बाजारात जायचा, आणि खत, अवजारंही तिकडूनच यायची. शेतकऱ्याला शेजारच्या गावाची गरजच उरली नाही. गावात राहिला बहुधा एखादा कापडाचा कारखाना. तो अडचणीत आला की अख्खं गाव अडचणीत.

याच्या उलट आपल्या रावेर-यावल पट्ट्यातलं सावदा बघा. केळीचा घड बागेतून निघाला की त्याला कापणारी टोळी लागते, वाहणारे मजूर, वजनकाटा, घड दबू नयेत म्हणून थर लावून गाडी भरणारे जाणते हात. त्यामागे व्यापारी, ट्रक, रेल्वेचा धक्का. बागेसाठी टिश्यू कल्चरची रोपं, ठिबकच्या नळ्या, खताची उधारी, जळालेली मोटार रिवायंडिंग करून देणारा कारागीर. पिकाचा पैसा हातात येतो तो याच गावांमधून फिरत येतो, म्हणून सावदा, फैजपूर, यावल एकमेकांपासून इतकी जवळ असूनही प्रत्येकाची बाजारपेठ तग धरून आहे.

त्यामुळे कुठलंही मधलं गाव नकाशावर टाकण्याआधी मी तरी हे तपासेन. भोवतालच्या दहा-बारा किलोमीटरमधला माल कुठे मोजला जातो आणि पैसे कुठे चुकते होतात? उधारी कोण देतो? मोटार जळली तर शेतकरी कुठे धावतो? संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता आहे? मुलगी बारावीपर्यंत घरी राहून शिकू शकते का? यातली तीन-चार उत्तरं जिल्ह्याच्या गावाकडे बोट दाखवत असतील, तर नवं गाव फक्त घरांची रांग होऊन बसेल.

इस्रायलमधली दुसरी चूक घरांच्या मांडणीची. सुरुवातीच्या वस्त्यांमध्ये युरोपातल्या उद्याननगरासारखी लहान घरं मोठ्या जागांवर विखुरली. बीरशेबासारख्या कोरड्या मुलखात त्या मोकळ्या जागांवर हिरवळ जगेना, धूळ उडू लागली आणि दुकान उन्हात लांब पडलं. खर्चाचं गणित साधं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आणि प्लॉटची रुंदी २० मीटर असेल, तर घरटी १० मीटर रस्ता, गटार आणि पाण्याची लाइन लागते. रुंदी ८ मीटर केली तर ४ मीटर. ५०० घरांना ५ किलोमीटरऐवजी २ किलोमीटर. फरक फक्त बांधकामापुरता नाही, तो दरवर्षीच्या दुरुस्तीत आणि दिव्यांच्या बिलात ग्रामपंचायतीला भरावा लागतो. अर्थात बैल, गाडी, वैरण ठेवणाऱ्या कुटुंबाला ८ मीटरमध्ये कोंबणंही चूकच. तिथे रुंदी थोडी वाढवून प्लॉटची मागपर्यंतची लांबी जास्त ठेवावी आणि गोठा मागच्या गल्लीला काढावा.

इस्रायलच्याच लाखीश भागात १९५५ च्या सुमारास यातलं बरंच सुधारलं. काही शेतवस्त्यांमध्ये नेहोरासारखं एक ग्रामीण केंद्र, तिथे शाळा, दवाखाना, ट्रॅक्टरची दुरुस्ती, आणि सगळ्यांच्या मध्ये किर्यात गात हे शहर. एका मुलखातून आलेली कुटुंबं एका वस्तीत आणि सगळ्यांची मुलं केंद्रातल्या एका शाळेत, अशी ती रचना.

हेच सातपुड्याला जसंच्या तसं लावता येणार नाही. धडगाव-मोलगीकडे एक महसुली गाव म्हणजे डोंगरउतारांवर पसरलेले अनेक पाडे. तिथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, चढ मोजावा लागतो. सरदार सरोवराच्या बुडितातून अक्कलकुवा-अक्राणीतली कुटुंबं तळोद्याच्या सपाटीवर आली, तेव्हा पाड्यांची रचना सरळ रेषेतल्या प्लॉटांवर आली. अशा ठिकाणी प्लॉट वाटपाची यादी कुटुंबाच्या अनुक्रमांकाने लावण्याऐवजी पाड्यानुसार लावावी, भाऊकीला सलग प्लॉट द्यावेत, आणि शेत वसाहतीपासून रोज पायी जाण्याइतकं जवळ असावं. घर आधी, शेत दोन वर्षांनी, असं झालं की माणूस त्या मधल्या काळात ऊसतोडीला निघून जातो आणि घराला कुलूप लागतं.